वाचकांचे प्रश्न : वाळूच्या पट्ट्यावरची जागा किती भरवशाची?

प्रश्न : मालवण तालुक्यातील देवबाग येथे आमचे वडिलोपार्जित घर व माडांची बाग आहे. २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात समुद्राकडचे काही माड गेले. पुढे पुळण पुन्हा रुंद झाली. ही जागा टिकेल की नाही हे कशावरून ठरवावे? बागेपुढे दगडी बंधारा घातल्यास उपयोग होईल का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपली जागा कोणत्या भूरूपावर आहे, हे आधी पाहावे लागते. तारकर्लीकडून दक्षिणेला निमुळता होत गेलेला देवबागचा वाळूचा दांडा पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी यांच्यामध्ये आहे. जांभ्याचा कडा सावकाश झिजतो, पण एकदा कोसळला की तो भाग परत मिळत नाही. वाळूचा दांडा मात्र एका रात्रीत बराच खचतो आणि काही महिन्यांत पुष्कळसा भरूनही येतो. म्हणून दोघांना एकच मोजपट्टी लावता येत नाही.

पुळण पुन्हा रुंद झाली, ही आपली नोंद बरोबर असली तरी तिच्यावर फार विसंबू नये. पावसाळ्यातील उंच, आखूड लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या आत पाण्याखाली साठवतात आणि पावसाळा सरल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. त्यामुळे मे महिन्यातील छायाचित्राशी ऑगस्टमधील छायाचित्र ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुलना एकाच महिन्यातील वेगवेगळ्या वर्षांची असावी आणि तीही पाण्याच्या रेषेवरून करू नये, कारण ती भरती-ओहोटीबरोबर सरकते. मर्यादवेलीची किंवा माडांची समुद्राकडची कड धरावी. १९८४ पासूनची लँडसॅट उपग्रहाची तीस मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य पाहता येतात, मात्र पाच-दहा मीटरची झीज त्यांत नीट दिसत नाही. तेवढ्यासाठी विहिरीचा कठडा किंवा गडग्याचा कोपरा अशी पक्की खूण धरून दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये फीत लावून अंतर लिहून ठेवणे अधिक उपयोगी. पाच-सहा वर्षांच्या अशा वहीवरून जे कळते, ते एका वादळाच्या आठवणीवरून कळत नाही.

वादळातील धोका हा काहीसा वेगळा प्रश्न आहे. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. त्यावर वाऱ्याने लोटलेले पाणी आणि लाटांची उंची यांची भर पडते, आणि हे सारे उधाणाच्या भरतीशी जुळून आले तर एरवी कोरडी राहणारी जागाही बुडते. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले. तौक्ते मात्र कोकणाला समांतर पुढे जाऊन १७ मे २०२१च्या रात्री गुजरातमध्ये धडकले. म्हणजे तौक्तेने आपल्या दांड्याची पुरती परीक्षा घेतली, असे समजण्याचे कारण नाही. अशा दांड्याची सरासरी उंची फारशी कामाची नसते. जिथे तो सर्वांत अरुंद व सखल आहे, वाळूच्या टेकड्या सपाट केल्या आहेत किंवा पुळणीकडे जाणारी वाट खोल झाली आहे, तिथूनच पाणी आरपार जाते. नदीकडचा काठही तितक्याच काळजीने मोजावा; पुष्कळ जण तिकडे पाहतच नाहीत, हे मला नेहमी खटकते.

बंधाऱ्याबद्दल माझे मत सावध आहे. तो मागची माती धरून ठेवतो हे खरे, परंतु त्याच्यावर आपटून परतणाऱ्या लाटांमुळे पुढची पुळण खाली जाऊ शकते, आणि तो जिथे संपतो तिथे शेजाऱ्याच्या बागेत धूप वाढण्याचा संभव असतो. शिवाय २०१९च्या किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना अतिसंवेदनशील वर्गात ठेवले असल्याने परवानगीविना काम करता येणार नाही. तोपर्यंत समुद्राकडची मर्यादवेल तोडू नये, टेकडीची वाळू भरावासाठी उचलू नये, आणि नवे बांधकाम करायचेच असेल तर ते सखल खिंडीच्या समोर करू नये.