रानातल्या रातांब्यांचा संग्रह: बी नको, कलम करा

देवराईच्या कडेला आणि परड्यात मिळून तीसेक रानटी रातांबे (कोकमाची झाडं) आहेत, त्यांतल्या चांगल्या झाडांच्या बिया वाळवून फ्रीजमध्ये जपता येतील का आणि नोंदी कशा ठेवायच्या, असं तुम्ही विचारलंय.

बिया जपता येणार नाहीत. रातांब्याचं बी वाळलं की मेलं. भाताचं बी सुकवून उणे १८ अंशांवर वर्षानुवर्षं राहतं. या बियाला ओलावा गेलेलाही सोसत नाही आणि थंडीही सोसत नाही. कोकोचं तसंच आहे, म्हणून त्रिनिदादमधला २,०००हून अधिक वाणांचा संग्रह बाटल्यांत नाही, झाडांच्या रूपात उभा आहे. शिवाय रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. चांगल्या मादीचं बी लावलं तरी साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. वाण जसाच्या तसा हवा असेल तर मृदुकाष्ठ कलमच, म्हणजे कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधणं. बी लावायचं ते फक्त खुंटांसाठी (ज्यांवर काडी बांधतात ती रोपं), फळातून काढल्यावर गर धुऊन लगेच.

सगळ्यात जास्त कलमं फसतात ती काडीच्या निवडीत. रातांब्याचा शेंडा सरळ वर जातो आणि बगलेच्या फांद्या आडव्या पसरतात. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगतं, फळतंही, पण झाड जमिनीलगत लोळत राहतं. काठी बांधूनही उभं होत नाही. म्हणून काडी सरळ वर वाढणाऱ्या फुटव्याचीच घ्या. अशा काड्या झाडावर मोजक्याच असतात, तेव्हा आधी हेरून ठेवा. कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस पानं छाटून देठ तेवढे ठेवले की डोळे फुगतात. कापलेल्या काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी बांधा. बांधल्यावर खुंटाचे फुटवे दर आठवड्याला खुडा. नाही तर काडी मरून खुंटच वाढतो आणि वर पाटी मात्र तुमच्या वाणाची!

प्रत्येक झाडाची किमान चार कलमं, दोन वेगळ्या जागी. एका जागी वणवा लागला किंवा रस्ता गेला तर दुसरी राहतात.

नोंदींत 'फळ मोठं, चव छान' असलं काही लिहू नका, त्याचा पुढच्याला उपयोग शून्य. झाडाच्या चारही बाजूंनी मिळून २० फळं घ्या, सगळी सारख्या पिकलेपणाची, पूर्ण लाल आणि दाबल्यावर किंचित मऊ. अर्धकच्चं फळ मिसळलं की सालीची जाडी आणि आंबटपणा दोन्ही चुकतात. प्रत्येक फळाचं वजन, सालीची जाडी (व्हर्नियरने, फळाच्या मध्यावर), बियांची संख्या आणि साल-बियांचं वेगवेगळं वजन लिहा. रसाचा ब्रिक्स (साखरेचं प्रमाण दाखवणारा आकडा) रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर बघा. हे सलग तीन हंगाम. एकाच वर्षाचा आकडा त्या वर्षीच्या पावसाबद्दल जास्त सांगतो.

माझ्या मते यापेक्षाही मोलाची नोंद म्हणजे पहिलं फळ पिकल्याची आणि तोडणी संपल्याची तारीख. पाऊस पडला की आमसुलं वाळत नाहीत. म्हणून मेच्या मध्याला मोकळं होणारं मध्यम फळाचं झाड जूनमध्ये पिकणाऱ्या थोराड फळाच्या झाडापेक्षा सरस. दापोली विद्यापीठाचा रातांब्याचा वाण 'कोकण अमृता' १९९७ सालचा. तुमची झाडं त्याच्या शेजारी ठेवून मोजलीत तर फरक खरा कळेल. पिवळ्या फळाचं एखादं झाड असेल तर उत्पन्न न बघता जपा.

पाटी ॲल्युमिनियमची, सैल तारेने बांधलेली. खिळा ठोकला तर खोड ती गिळतं. पाट्या हरवतातच, म्हणून ओळ आणि क्रमांकाचा नकाशा वहीत वेगळा काढा. कोकोच्या मोठ्या संग्रहांतही डीएनए तपासल्यावर बरीच झाडं चुकीच्या नावाने लावलेली निघाली.

आणि दोन-तीन नरांचीही कलमं ठेवा, नाही तर माद्यांना परागच मिळणार नाही. दहा माद्यांमागे एक नर पुरतो, फक्त दोघांचा फुलोरा एका वेळी येतो ना, ते फुलोऱ्यात एकदा फिरून बघून घ्या.