स्पेक्ट्रोफोटोमीटरचा (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा २६० नॅनोमीटर तरंगलांबीला हलतो, ५४० ला स्थिर असतो. दोष कुठे?

५४० ला टंगस्टन दिवा जळतो, २६० ला ड्युटेरियम, संशय ड्युटेरियमवरच. पण दिवा मागवण्याआधी क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी, पाहा. काचेची असेल तर ३०० च्या खाली ती प्रकाश जवळजवळ अडवतेच, क्वार्ट्झचीच हवी. मग यंत्र ३० मिनिटे तापू द्या, नमुन्याचा कप्पा रिकामा ठेवून शून्य करा आणि १० मिनिटे आकडा बघत राहा. तरीही हलतोय आणि दिव्याचे १००० तास उलटलेत, तर तो बदला. आधी वीज काढून पूर्ण गार होऊ द्या. नव्या दिव्याला उघड्या बोटांनी अजिबात हात लावू नका, घामाचा डाग तापून काचेत कायमचा बसतो. लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. शेवटी ड्युटेरियमच्या प्रकाशातल्या ६५६.१ नॅनोमीटरच्या ठळक रेषेवर तरंगलांबी तपासा.