रिअल-टाइम कर्नल टाकूनही मोटर का अडखळते?

प्रश्न : लिनक्सवर चालणाऱ्या एका छोट्या बोर्डावरून मी स्टेपर मोटर (प्रत्येक पल्सला, म्हणजे विजेच्या ठोक्याला, एक पाऊल फिरणारी मोटर) चालवतो. दर मिलिसेकंदाला आयटूसी (I2C) बसवरचा, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवरचा, सेन्सर वाचायचा आणि त्यानुसार मोटरला पल्स द्यायचा, एवढेच प्रोग्रॅमचे काम आहे. एरवी सारे सुरळीत चालते, पण मेमरी कार्डवर मोठी फाइल कॉपी होऊ लागली की मोटर अडखळते. कामे वेळेवर व्हावीत म्हणून बदललेला प्रीएम्प्ट-आरटी (PREEMPT_RT) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकला, प्रोग्रॅमच्या थ्रेडला (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाला) शेड-फिफो (SCHED_FIFO) या प्राधान्यक्रमात ९९, म्हणजे सर्वोच्च, प्राधान्य दिले, तरी त्रास गेला नाही. असे का व्हावे?

उत्तर : थ्रेडला जागे करण्याची वेळ झाली की कर्नलमधले इतर काम त्याची वाट फार काळ अडवणार नाही, एवढी काळजी प्रीएम्प्ट-आरटी घेते. २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून ही सोय मुख्य कर्नलमध्येच आहे. मात्र जागा झालेला थ्रेड पुढे ज्या ड्रायव्हरवर आणि ज्या बसवर विसंबतो, त्यांच्या वेळेचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय आयटूसीवर आहे. ही बस १०० किलोहर्ट्झवर चालत असेल, तर पोचपावतीच्या बिटासह एका बाइटला ९० मायक्रोसेकंद लागतात. सेन्सरचा पत्ता, रजिस्टरचा क्रमांक, पुन्हा पत्ता आणि दोन बाइट माहिती असे पाच बाइट धरले, तर हातातल्या मिलिसेकंदापैकी ४५० मायक्रोसेकंद तारांवरच खर्च होतात. या काळात तुमचा थ्रेड सहसा झोपलेला असतो आणि त्याला उठवण्याचे काम आयटूसी कंट्रोलरच्या इंटरप्ट थ्रेडकडे (हार्डवेअरकडून आलेला इशारा हाताळणाऱ्या कर्नलच्या थ्रेडकडे) असते, ज्याचे प्राधान्य मुळात ५० असते. मेमरी कार्डाच्या कंट्रोलरचा इंटरप्ट थ्रेडही ५० वरच असतो. फाइल कॉपी होत असताना हे दोन्ही थ्रेड प्रोसेसरच्या एकाच कोअरवर आले, तर आयटूसीच्या थ्रेडला रांगेत थांबावे लागते आणि त्याच्या पाठोपाठ तुमच्या थ्रेडलाही, मग त्याचे प्राधान्य ९९ का असेना. तुमच्या थ्रेडला ८० आणि आयटूसीच्या इंटरप्ट थ्रेडला, सीएचआरटी (chrt) ही प्राधान्य बदलणारी आज्ञा वापरून, ७९ प्राधान्य द्या. ९९ हा आकडा कर्नलच्या अत्यावश्यक थ्रेडांसाठी मोकळा सोडलेला बरा. सेन्सरला चालत असेल, तर बसचा वेग ४०० किलोहर्ट्झ करा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे सेन्सर वाचण्यासाठी वेगळा थ्रेड ठेवून नियंत्रणाच्या लूपने त्याने नोंदवलेला ताजा आकडा उचलणे.

मोठी फाइल कॉपी होताना मेमरीवर ताण येऊन तुमच्या प्रोग्रॅमची काही पाने (मेमरीचे छोटे तुकडे) बाहेर काढली जाऊ शकतात आणि ती कार्डावरून परत आणताना लूप थांबतो. म्हणून सुरुवातीलाच ही पाने मेमरीत रोखून धरणारे एमलॉकऑल (mlockall) वापरा. दोन फेऱ्यांमध्ये थ्रेडला झोपवण्यासाठी यूस्लीपऐवजी (usleep) क्लॉक-नॅनोस्लीपला (clock_nanosleep) पुढच्या फेरीची निश्चित वेळ द्या, म्हणजे प्रत्येक फेरीतला थोडा थोडा उशीर साचत जाणार नाही. लूपमध्ये प्रिंटएफ (printf, मजकूर छापणारी आज्ञा) असेल, तर तो काढाच.

एवढे करूनही सलग आणि एकसारखे पल्स सॉफ्टवेअरमधून काढणे मला पटत नाही. बोर्डावर पीडब्ल्यूएमचे (PWM, म्हणजे ठरावीक रुंदीचे पल्स काढणारे) किंवा टायमरचे हार्डवेअर असेल, तर पल्स त्याला काढू द्या आणि वेग किती ठेवायचा, एवढेच लिनक्समधून ठरवा. बीगलबोन ब्लॅकसारख्या बोर्डावर तर यासाठी २०० मेगाहर्ट्झचे दोन स्वतंत्र पीआरयू (PRU, म्हणजे छोटे प्रोसेसर) आहेत. त्यांच्यावर लिनक्स चालत नाही आणि त्यांच्या बहुतेक सूचना नेमक्या ५ नॅनोसेकंदांत पूर्ण होतात.

बदल करण्यापूर्वी मोजणी मात्र जरूर करा. सायक्लिकटेस्ट (cyclictest) या चाचणी-प्रोग्रॅमचा चांगला आकडा पाहून निश्चिंत होऊ नका, कारण त्यात केवळ जागे होण्यातला उशीर कळतो, बसवरचा नाही. थ्रेड जागा झाल्यावर, सेन्सर वाचून झाल्यावर आणि पल्स दिल्यावर, अशा तीन क्षणांच्या वेळा आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत नोंदवा, फाइल कॉपी चालू ठेवून प्रोग्रॅम तासभर चालवा आणि सरासरीपेक्षा प्रत्येक टप्प्याचा सर्वाधिक आकडा पाहा. नेमका कोणता टप्पा मिलिसेकंद खातो, हे त्यातून दिसेल.