स्टेरॉइड सुरू केल्याची तारीख आधी शोधा

ऐरोलीच्या ताई, तुमच्या भावाची महिनाभराची डोकेदुखी, पाठोपाठ आलेले दोन छोटे स्ट्रोक, नॉर्मल ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि आता सुरू झालेल्या टीबीच्या गोळ्या, हे वाचून आमचे ठाण्यातले ते वर्ष डोळ्यांपुढे उभे राहिले. मी डॉक्टर नाही. यजमानांच्या आजारपणात जे शिकले, तेवढेच सांगते.

ईएसआरवर विसंबू नका. केवळ मेंदूपुरत्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजारात, रक्ताचे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतात. वाढलेली प्रथिने आणि पेशी सापडतात त्या पाठीतून काढलेल्या पाण्यात. अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांचे चित्र, स्वच्छ आली तरी आजार नाही असे ठरत नाही, कारण अगदी बारीक वाहिन्या तिच्यात दिसत नाहीत. मात्र डोकेदुखी क्षणात वीज कोसळावी तशी सुरू झाली असेल, तर ते जरूर सांगा. वाहिन्या तात्पुरत्या आकसण्याचा वेगळा आजार असतो, त्यात पाणी सहसा नॉर्मल असते.

आम्हाला महागात पडली ती वेगळीच गोष्ट. टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड एकाच दिवशी सुरू झाले. मेंदूच्या टीबीत तसे देतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन आठवड्यांत यजमान नीट बोलू लागले आणि आम्ही सारे श्रेय टीबीच्या गोळ्यांना दिले. वाहिन्यांची सूजही स्टेरॉइडने उतरते, हे ध्यानातच आले नाही. स्टेरॉइड कमी करत बंद झाले, आणि आठव्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला; उजवा हात उचलेना.

नव्या न्यूरोलॉजिस्टांनी पहिल्यांदा विचारले, स्टेरॉइड कधी, किती दिले, आणि पाणी त्याआधी काढले की नंतर? डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘स्टेरॉइड दिले’ एवढेच होते. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाने औषधांचा तक्ता आणि एमआरआयची सीडी द्यायला मला तीन आठवडे फिरवले. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असा २००२ चा नियम आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्या तीन आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही.

स्टेरॉइडनंतर घेतलेली बायोप्सी (मेंदूचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) फसवू शकते, आणि एरवीही ती सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत निसटते. तरीही सायक्लोफॉस्फमाइडसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे जड औषध सुरू होण्यापूर्वी बायोप्सीचा विषय तुम्ही स्वतः काढावा, असे माझे ठाम मत आहे. मनाने कोणतीही गोळी बंद मात्र करू नका.

भावाचे पाणी स्टेरॉइडच्या आधी काढले होते का, हे आजच विचारून मला कळवा.