विहिरीच्या काठावरचं मूल

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'माणूस मुळात वाईटच असतो' हे वाक्य त्यात तीनदा आलंय, आणि तिन्ही वेळा त्याआधी कुणीतरी दिलेल्या दग्याची हकीकत आहे. दुखावलेल्या मनाने काढलेला निष्कर्ष खोटाच असतो असं नाही. पण तो तपासून घ्यायला हवा.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चीनमध्ये मेन्शियस हा विचारवंत म्हणाला, लहान मूल विहिरीत पडतंय असं दिसलं की कुणाच्याही काळजात धस्स होतं; त्याच्या आईबापांची मर्जी मिळावी किंवा चारचौघांत नाव व्हावं म्हणून नव्हे. प्रत्येक जण धावेलच, असं तो म्हणत नाही. धस्स होतं, एवढंच. त्याला तो चांगुलपणाचा कोंब म्हणतो, वृक्ष नव्हे. त्याला भाबडा ठरवणारे हे वाचतच नाहीत.

पुढच्या शतकात चीनमधल्याच शुन्झी या विचारवंताने उलट सांगितलं: स्वभाव वाईटच आहे. वाकडं लाकूड वाफवून, दाबून सरळ करावं लागतं, तसं शिक्षणाने आणि रीतिभातींनी माणसाला वळण लावावं लागतं. मग वळण लावणारे पहिले ज्ञानी आले कुठून? तो म्हणतो, कुंभार मडकं घडवतो, म्हणून मडकं कुंभाराच्या स्वभावात असतं का? हे उत्तर मला अजून पटलेलं नाही. मडकं कुंभारात नसेल, पण घडण्याचा गुण मातीत लागतोच. नुसत्या वाळूचं मडकं होत नाही. आणि हाच शुन्झी पुढे म्हणतो की रस्त्यावरचा कुणीही माणूस यू या प्राचीन आदर्श राजासारखा थोर होऊ शकतो. इतक्या कडक माणसानेही माणसाचा निकाल लावून टाकला नाही. तुझ्या पत्रात तो लागलाय.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ साली आपल्या ग्रंथात विचारलं, घरात आपलीच माणसं असताना पेटीला कुलूप का लावता? प्रश्न बोचरा आहे. पण माणसाच्या वासना मुळात पाप नाहीत, हेही त्यानेच तिथे लिहिलंय.

आता तुझा मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा दाखला. १९६१ साली सुरू झालेल्या त्याच्या प्रयोगांत, चुकीच्या उत्तरासाठी दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते धक्के द्यायला प्रयोगकर्त्याने सांगितलं म्हणून ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. आकडा तू बरोबर दिलास. मात्र त्यांतले कित्येक घामाघूम झाले होते, थरथरत होते, हे तू लिहिलं नाहीस. क्रौर्य हाच स्वभाव असेल, तर थरकाप कशाचा? मेन्शियसचं ते धस्स होणं तिथेही होतं. हुकूम त्याच्यावर भारी पडला. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात सोबतचे दोघे जण 'आम्ही पुढे जाणार नाही' म्हणून थांबले. ते दोघे खरं तर प्रयोगकर्त्याचेच साथीदार होते. त्या वेळी ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत गेले. म्हणून मी स्वभावाइतकंच शेजाऱ्याकडेही बघतो.

तुला दगा देणाऱ्याच्या शेजारी तेव्हा कोण होतं, आणि ते काय म्हणाले, हे पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
सर