शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा जिन्यात चावला, मालक म्हणतात 'तुम्हीच दचकवलंत'. भरपाई मिळेल का?

मिळू शकते. पण आधी जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलीत का? नसेल तर हे वाचणं सोडा आणि उठा. हळद-चुना काही लावू नका. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवाच.

आता कायदा. कुत्र्यामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 289.) गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा; त्यामुळे त्यांनी 'आपसात मिटवा' म्हणून परत पाठवलं तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

दंड मात्र सहसा सरकारजमा होतो. औषधपाणी, बुडालेला रोज, झालेला त्रास यांची भरपाई हवी तर वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. खरं सांगू? बरेच मालक नोटिशीलाच नरमतात.

'दचकवलंत' हा त्यांचा बचाव चालायला तुम्ही कुत्र्याला खरंच डिवचलेलं असायला हवं. जिना चढणं म्हणजे डिवचणं नव्हे. पट्टा नव्हता हे पाहणारा कोणी असेल तर उत्तम. केसपेपर, बिलं, दातांच्या खुणांचे फोटो जपा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर मालकाने 'सॉरी, शेरू सुटला होता' असं लिहिलं असेल, तर डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा.