वारोने दिलेल्या लॅटिन व्युत्पत्तींवर कितपत विसंबावं?

कोल्ह्याला लॅटिनमध्ये ‘वोल्पेस’ म्हणतात ते ‘वोलात पेदिबुस’ (पायांनी उडतो) यावरून, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं नाही. आणि ती रोमन पंडित वारोची स्वतःची कल्पनाही नाही. त्याचा गुरू एलियुस स्तिलो याची. वारोने (इ.स.पू. ११६–२७) फक्त नोंदवली.

त्याच्या ‘दे लिंगुआ लातिना’ (लॅटिन भाषेविषयी) या ग्रंथाचे २५ भाग होते. आज ५ ते १० एवढेच हाती आहेत, तेही मध्ये मध्ये तुटलेले. व्युत्पत्तींसाठी ५, ६ आणि ७ बघा.

पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल: अक्षर गळतं, वाढतं, जागा बदलतं किंवा त्याचं दुसरं होतं. आपल्याकडच्या ‘वर्णागमो वर्णविपर्ययश्च’ या श्लोकातही हेच चार प्रकार आहेत. यादीत खोट नाही. पण कोणता बदल केव्हा होतो याला नियमच नसला, की कशातूनही काहीही निघतं. हरणाला ‘केर्वुस’ का म्हणतात? मोठी शिंगं ‘वाहतो’ म्हणून, ‘गेरेरे’ (वाहणे) या धातूवरून, गचा क करून! गंमत म्हणजे शब्दाचा संबंध शिंगाशी खरोखरच आहे. चुकला तो धातू. कुत्रा, ‘कानिस’, त्याने ‘कानेरे’ (गाणे, आवाज देणे) याला जोडला. ‘कानिस’चाच नातलग असलेलं संस्कृत ‘श्वन्’ (कुत्रा) त्याच्या कानावर असतं तर जोडला नसता.

म्हणून प्रत्येक नोंदीत एवढंच तपासा: तो पुरावा देतो की नुसता अर्थ जुळवतो?

पुरावा असेल तिथे वारो सोनं आहे. ‘मेरिदिएस’, म्हणजे मध्यान्ह, हा ‘मेदियुस’ (मधला) आणि ‘दिएस’ (दिवस) यांपासून आला. पूर्वी र नव्हे, द म्हणत, आणि रोमजवळच्या प्रेनेस्ते गावातल्या छायाघड्याळावर तो द कोरलेला मी पाहिला, असं तो लिहितो. हे आजही मान्य आहे: लागोपाठच्या दोन दंपैकी पहिल्याचा र झाला. तसंच ‘होस्तिस’. त्याच्या काळी अर्थ ‘शत्रू’, पण पूर्वी ‘परका’, हेही बरोबर.

विरुद्धार्थाने व्युत्पत्ती दिसली, तर मात्र सरळ पान उलटा. ‘लुकुस’ (देवराई) हे नाव तिथे उजेड नसतो म्हणून पडलं, या तऱ्हेची वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंतिलियान याने पुढच्याच शतकात थट्टा केली. पण उजेडाचा धातू त्यात आहेच: मूळ अर्थ झाडीतली मोकळी जागा, आणि संस्कृत ‘लोक’ त्याचा सख्खा भाऊ.